फोटोग्राफर रॉ फाइल्स का देत नाहीत? लग्नाच्या फोटोंबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आहे: बहिणीचं लग्न झालं, फोटोग्राफरचे सगळे पैसे देऊन झाले, अल्बम आला, पेनड्राइव्हमध्ये सहाशे एडिटेड फोटोपण आले, पण "ओरिजिनल रॉ फाइल्स द्या" म्हटल्यावर तो सरळ नाही म्हणाला. लग्न आमचं, पैसे आमचे, चेहरे आमचे, मग फाइल्स त्याच्या कशा काय, आणि तो काही लपवतोय का?

लपवत नसणार. मी सांगली-मिरजेकडं लग्नं शूट करतो, १९९८ ला एका स्टुडिओत लाइट धरायला लागलो तेव्हापासून याच कामात आहे, आणि हा प्रश्न मला दर सीझनला दोन-तीन घरांतून येतो, म्हणून जरा नीट लिहितो.

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडं "रॉ" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मी भांडणं तिथंच होतात. कस्टमर "रॉ" म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा "काढलेले सगळे फोटो, एडिट न केलेले" असं म्हणायचं असतं. ते आपल्याकडं बरेच फोटोग्राफर देतातच, कारण अल्बमसाठी सिलेक्शन घरच्यांनी करायचं असतं, त्यामुळं लहान साइजचे सगळे जेपेग, म्हणजे मोबाइलवर उघडतात ते नेहमीचे फोटो, पेनड्राइव्हवर जातात आणि घरचे नंबर लिहून पाठवतात. फोटोग्राफर "रॉ" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात एनईएफ, सीआर३, एआरडब्ल्यू असल्या फाइल्स असतात, म्हणजे निकॉन, कॅनन, सोनीच्या कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा डेटा. तुम्ही एक मागताय आणि तो दुसऱ्याला नाही म्हणतोय असं खूपदा घडतं. तुमच्या केसमध्येही आधी हे तपासा.

आता खरी रॉ फाइल म्हणजे काय ते सांगतो, कारण ते कळलं की अर्धं उत्तर मिळतं. रॉ फाइल हा अजून फोटोच नसतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, बारीक बारीक रंगीत काचांची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायर नावाच्या माणसाच्या नावानं ती ओळखली जाते, १९७६ चं पेटंट आहे. त्यात निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एकच रंग माहीत असतो, उरलेले दोन सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून काढतं. व्हाइट बॅलन्स किती, कॉन्ट्रास्ट किती, शार्पनेस किती, यातलं काहीच त्या डेटात पक्कं झालेलं नसतं. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये एका रंगाला २५६. म्हणून आम्ही रॉमध्ये शूट करतो, काळोखातला चेहरा वर आणता येतो, जळत आलेली पैठणीची जर परत मिळवता येते. पण त्याची दुसरी बाजू अशी की ती फाइल उघडल्यावर पहिल्यांदा दिसते ती मळकट, सपाट, बऱ्याचदा अंधारलेली. कॅमेऱ्याच्या मागं स्क्रीनवर जो छान फोटो तुम्ही लग्नात वाकून बघितला होता तो रॉ नव्हता, त्याच फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं स्वतः बनवून ठेवलेला जेपेग होता.

आपल्या मंगल कार्यालयातला एक फ्रेम घेऊन बघू. मुहूर्ताची वेळ, छताला ट्यूबलाइट म्हणजे हिरवट उजेड, स्टेजवर पिवळे हॅलोजन, मागं डेकोरेशनवाल्यानं लावलेले जांभळे एलईडी, बाजूच्या खिडकीतून दुपारचा निळसर उजेड आणि शिवाय व्हिडिओवाल्याचा लाइट. नवरीच्या एका गालावर जांभळं, दुसऱ्यावर पिवळं, हनुवटीखाली हिरवं. मुंडावळ्या पांढऱ्या की पिवळ्या ते कळत नाही. अशात मी एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, ठेवतो, कारण नवऱ्याचा फेटा आणि शालूची जर एकदा पूर्ण पांढरी झाली की ती कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही, अंधार मात्र वर आणता येतो. म्हणजे ती फाइल मी जाणूनबुजून काळी काढलीय, पुढं काय करायचं ते माझ्या डोक्यात आहे, क्लिक करताना निम्मं आणि घरी बसून निम्मं असं ते एकच काम आहे. ही काळी फाइल तुम्ही नवरीच्या आईला दाखवली तर ती काय म्हणेल? "एवढे पैसे घेतले आणि मुलगी काळवंडली की हो." आणि तिचं काही चुकत नाही, तिला जे दिसतंय ते ती बोलतेय.

त्यात लेन्सचा भाग वेगळाच. मिररलेस कॅमेऱ्यांच्या बऱ्याच नव्या लेन्स अशा बनवलेल्या असतात की वाकडेपणा आणि कोपऱ्यातला अंधार सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होईल हे गृहीत धरलेलंच असतं. ती दुरुस्ती नसलेल्या प्रोग्रॅममध्ये रॉ उघडली तर ग्रुप फोटोत कडेला उभा असलेला मामा आडवा पसरलेला दिसतो. तो फोन येतोच मग, "मामा असा का दिसतोय".

आणि अजून एक, जे खूप लोकांना माहीत नसतं: आमचा एडिट रॉ फाइलच्या डेटात जात नाही. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं सगळं काम त्याच्या कॅटलॉगमध्ये नाहीतर शेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये राहतं, आणि फोटोशॉपमध्ये केलेलं, म्हणजे काकूंचे मिटलेले डोळे दुसऱ्या फ्रेममधून घेऊन लावणं वगैरे, ते तर वेगळ्याच फाइलमध्ये असतं. त्यामुळं "तुमच्या कलर सकट रॉ द्या" असं कुणी म्हटलं तर नुसत्या रॉ फाइलमधून ते मिळत नाही. रॉ घेतली म्हणजे आमचं काम सोडून बाकीचं सगळं घेतलं.

संख्येचं पण बघा. दोन दिवसांचं लग्न, हळद, मुहूर्त, रिसेप्शन, दोन फोटोग्राफर, तर पाचेक हजार क्लिक आरामात होतात. एक रॉ साधारण २८ एमबी धरली तर १४० जीबी झाले. अंतरपाट खाली येतो आणि अक्षता पडतात ते दोन-तीन सेकंद, तिथं मी बर्स्ट सोडतो, तीस-चाळीस फ्रेम एका दमात. त्यात एकीत नवरीच्या डोळ्यासमोरच अक्षतेचा दाणा, एकीत नवऱ्याचं तोंड अर्धवट उघडं, एकीत मागून कुणीतरी मोबाइल वर केलेला, आणि एकच अशी की दोघांनी नुकतंच एकमेकांकडं बघितलंय आणि अक्षता हवेत आहेत. ती एक तुमची. बाकीच्या फ्रेम त्या एकीपर्यंत पोहोचण्यासाठी होत्या. जेवताना घास तोंडात असलेले, पाठवणीत रडून नाक लाल झालेले, हळदीत ओल्या कपड्यांत नको तसे आलेले बायकांचे फोटो, हे सगळं पाच हजारांत असतं. ते मी कुणाच्याही हातात देत नाही, कारण ती डिस्क नवरीकडून भावाकडं, भावाकडून मित्राकडं कशी फिरते ते मी बघितलंय. लग्नातल्या प्रत्येक बाईनं मला बघून पदर सावरलेला नसतो, तिच्या वतीनं मला सावरावं लागतं. माझ्या मते फोटोग्राफरचं निवडून देणं हे त्याच्या फीमधलं सगळ्यात महागडं काम आहे, क्लिक करण्यापेक्षाही.

फिल्मच्या काळात हे भांडण फारसं नव्हतं. मी शिकलो त्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर नंबर लिहिलेला असायचा, निगेटिव्ह स्टुडिओत, परत कॉपी हवी तर नंबर घेऊन या. लग्नाच्या निगेटिव्हपण पाकिटात घालून, वर आडनाव आणि तारीख टाकून लाकडी कपाटात. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, कारण निगेटिव्ह उजेडात धरून बघितलं की समजायचं हे घरी नेऊन आपल्याला काही करता येणार नाही, चेहरे काळे आणि केस पांढरे. रॉ फाइल म्हणजे तेच निगेटिव्ह आहे, फक्त आता ती दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं की तिच्यात एडिटेड फोटोपेक्षा भारी काहीतरी ठेवलंय.

आता माझ्याच बाबतीत घडलेलं. दहाएक वर्षांपूर्वी ओळखीतल्या घरचं लग्न होतं, संबंध चांगले, नवऱ्याच्या चुलतभावाला फोटो एडिटिंगची आवड, तो म्हणाला काका रॉ द्या, मी दिल्या. पोरानं मन लावून काम केलं, पण इंटरनेटवरून घेतलेला एकच प्रीसेट, म्हणजे तयार कलर सेटिंग, सगळ्या फोटोंवर मारला. हळदीचा पिवळा रंग चेहऱ्यावर शेवाळासारखा हिरवा झाला, नवरीची आजी, चांगली उन्हातान्हात शेतात राबलेली, तिला गोरं करताना तिच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती पुसून टाकली. आणि ते तीनेकशे फोटो फेसबुकवर माझ्या स्टुडिओचं नाव लिहून टाकले, त्याला वाटलं आपण काकांना क्रेडिट देतोय. पुढच्याच आठवड्यात इस्लामपूरकडचं एक घर अ‍ॅडव्हान्स द्यायला येणार होतं, त्यांनी ते फोटो बघितले होते. वडील एवढंच म्हणाले की आमच्या मुलीचं तोंड असं हिरवं झालेलं आम्हाला चालणार नाही. ते बुकिंग गेलं. पैशांचं मला पुढं काही वाटलं नाही, पण त्या आजीचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. मी कुणाचाही रंग उजळत नाही, कुणी "जरा गोरी करा" म्हटलं तरी नाही, आणि माझ्या नावाखाली नेमकं तेच फिरत होतं. त्या दिवसापासून मी नाही म्हणायला लागलो.

कायद्याचं सांगतो, कारण इथं आमच्याच लोकांचा मोठा गैरसमज आहे. बरेच फोटोग्राफर "कॉपीराइट माझा आहे" असं ठणकावून सांगतात, ते अमेरिकेतल्या करारांवरून उचललेलं असतं. भारतात कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ चं कलम १७ बघा. फोटो काढणारा हा त्याचा कर्ता असतो खरा, पण कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि दोघांत उलट काही ठरलेलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा, म्हणजे तुम्ही. "उलट काही ठरलेलं नसेल तर" या शब्दांवर सगळं आहे. त्यामुळं ज्या फोटोग्राफरनं काहीच लिहून घेतलं नाही त्यानं कस्टमरला कॉपीराइट शिकवू नये. पण कॉपीराइट कुणाचा हा एक प्रश्न आणि डिलिव्हरीत काय काय द्यायचं ठरलं होतं हा दुसरा. कोटेशनवर "एक करिझ्मा अल्बम ४० शीट, सहाशे एडिटेड फोटो, व्हिडिओ" असं लिहिलं असेल तर व्यवहार त्याचा झालाय. आणि त्याच कायद्याचं कलम ५७ फोटो काढणाऱ्यालाही काहीतरी देतं: कॉपीराइट दुसऱ्याकडं गेला तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्क, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केली तर हरकत घ्यायचा हक्क. आजीच्या फोटोच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या पोरावर मी काही केलं नसतं.

सगळीकडं रॉ नाकारतात असंही नाही. प्रॉडक्ट शूट, जाहिरातीचं काम, तिथं एजन्सीचा स्वतःचा रीटचर म्हणजे फोटो दुरुस्त करणारा माणूस असतो, त्याला रॉ लागतेच, ती देतात पण त्याचे पैसे वेगळे धरलेले असतात आणि कागदावर असतं. बातमीच्या फोटोत तर उलटंच, रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं २०१५ मध्ये आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरना सांगितलं की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेला जेपेगच द्या, कारण तिथं वेग पाहिजे आणि हात कमीत कमी लागलेला पाहिजे. वाइल्डलाइफच्या मोठ्या स्पर्धांत शेवटच्या फेरीला रॉ मागतात, फोटोत काही घुसडलेलं नाही हे तपासायला, आणि तो फोटो तुमचा आहे याचाही तो चांगला पुरावा असतो. हेही एक कारण आहे बरं का, फोटोच्या मालकीवरून उद्या वाद झाला तर फोटोग्राफरकडं दाखवायला तेवढी एकच गोष्ट असते. ती दहा जणांकडं असेल तर पुरावा कसला.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे आणि ते मला २०१९ च्या पुरानं शिकवलं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढत होतं, प्रत्येकाच्या मोबाइलवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी किती याचेच मेसेज. मारुती चौकाकडच्या भागात घरंच्या घरं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी लोक यायला लागले, आधी घर साफ केलं, गाद्या टाकून दिल्या, मग अल्बम आठवले. एक बाई पिशवीतून अल्बम घेऊन आल्या, पानं एकमेकांना चिकटलेली, गाळाचा वास येत होता, उघडायला गेलो तर फोटोचा वरचा थर दुसऱ्या पानावर निघून आला. पेनड्राइव्ह कपाटात होता तोपण गेलेला. त्यांनी विचारलं, "काही मिळंल का हो?" माझ्या डिस्कचा एक सेट दुकानात आणि दुसरा मिरजेत घरी असतो, त्यांचं लग्न २०१२ चं, रॉ सगळ्या होत्या. बसून नव्यानं अल्बम केला. त्या सीझनला असे अकरा अल्बम परत बनवले, प्रिंटिंगच्या खर्चात. त्यातल्या दोन घरांनी पूर्वी माझ्याकडून सगळा डेटा हार्डडिस्कवर घेतला होता आणि "आता तुम्ही डिलीट केलं तरी चालेल" असं सांगितलेलं, मी केलं नव्हतं. त्यांची डिस्क पाण्यात गेली, माझी राहिली.

आणि दुसरा फोन असतो तो रात्री येतो. घरात कुणीतरी गेलेलं असतं, दहाव्याला लावायला मोठा फोटो पाहिजे, आणि गेलेल्या माणसाचा धड एक फोटो घरात नसतो, मग कुणाला तरी आठवतं की पुतण्याच्या लग्नात काका होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. मी रॉ उघडतो, सिलेक्शनमध्ये न गेलेल्या फ्रेम चाळतो, मागच्या रांगेत कुठंतरी काका चष्मा पुसत बसलेले सापडतात, अंधारात, ते वर आणायचं, नॉइज म्हणजे अंधारात फोटोवर येणारे दाणे काढायचे. २०२३ मध्ये लाइटरूमला ते दाणे काढणारं डीनॉइज आलं, सुरुवातीला ते रॉ फाइलवरच चालायचं, त्यामुळं दहा वर्षांपूर्वीच्या फाइलमधून तेव्हा निघाला नसता असा चेहरा आज निघतो. रॉ जपायची ती यासाठी. म्हणून मला वाटतं की फोटोग्राफरला रॉ नाकारायची असेल तर ती सांभाळायची जबाबदारी पण त्यानं घेतली पाहिजे. देणार पण नाही आणि सहा महिन्यांत डिलीट पण करणार, हे मला पटत नाही, माझ्या लाइनमधल्या लोकांनाही मी हे तोंडावर सांगतो.

तुमच्या बाबतीत आता काय करायचं ते सांगतो. आधी कोटेशन किंवा बुकिंगचा मेसेज काढून बघा, त्यात रॉ द्यायचं लिहिलं असेल तर हक्कानं मागा, तिथं तो नाही म्हणू शकत नाही. लिहिलं नसेल तर "रॉ" हा शब्दच बाजूला ठेवा आणि त्याला भेटून विचारा की दादा, मिळालेले सहाशे फोटो फुल रेझोल्यूशन आहेत ना, कारण काही जण नकळत अल्बमसाठी लहान केलेलेच पेनड्राइव्हवर टाकतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा न कापलेला फोटो साधारण ६००० बाय ४००० असायला पाहिजे, फाइलवर राइट क्लिक करून लगेच बघता येतं. मग विचारा की सिलेक्शनच्या बाहेरचे, डोळे उघडे असलेले, चांगले फोटो साधे कलर करून जेपेगमध्ये मिळतील का, त्याचे काही जास्तीचे होत असतील तर देऊन टाका, हे बहुतेक जण करून देतात. एखाद्या खास माणसाचा फोटो पाहिजे असेल, आजी, आत्या, कुणीही, तर नाव घेऊन सांगा, सापडला तर तो खुशीनं काढून देईल. आणि शेवटी विचारा की डेटा किती वर्षं ठेवता आणि किती ठिकाणी. हे सगळं या महिन्यातच करा, कारण लग्नाचा सीझन सुरू झाला की नव्या लग्नांसाठी डिस्कवर जागा लागते, आणि बरेच जण सगळ्यात आधी मागच्या वर्षीच्या रॉच उडवतात.